घारापुरीत काय खाल? : एका रकान्याचे वाचन

रविवारच्या पुरवण्यांत आणि सहलविशेषांकांत बेटांवर येणाऱ्या मराठी लेखांना बहुधा एक चौकट जोडलेली असते. 'कसे जाल', 'काय पाहाल', 'काय खाल', 'कुठे राहाल' अशी तिच्यात चार शीर्षके. लेखकाने मुख्य मजकुरात कितीही जीव ओतलेला असो, वाचक कात्री लावतो ती या चौकटीला. मीही लावत आलो. घारापुरीवरच्या अशा कात्रणांची एक जाड वही माझ्याकडे झाली आहे. मराठी प्रवासवर्णनाचा अभ्यास करणारे या चौकटीकडे वळत नाहीत, कारण ती साहित्य नव्हे अशी आपली समजूत. पण प्रवासवर्णनाची पुस्तके वाचून बेटावर जाणारे थोडे. चौकट वाचून जाणारे हजारो. तेव्हा बेट कसे दिसावे हे ती चौकटच ठरवते, आणि म्हणून तिची समीक्षा व्हायला हवी.

घारापुरीच्या चौकटीत 'काय पाहाल' हा भाग भक्कम असतो. सहाव्या शतकाच्या आसपासची लेणी, महेशमूर्ती, १९८७ साली मिळालेला जागतिक वारशाचा दर्जा, डोंगरमाथ्यावरच्या तोफा. 'काय खाल' मध्ये मात्र लेखणी एकदम ढिली पडते. पायऱ्यांवर काकडी, कैरी, बोरे, कणीस, ताक मिळते. जेवणासाठी लहान हॉटेले आहेत. माकडांपासून सावध राहा. संपले. क्रियापदेही ठरलेली: 'आस्वाद घ्या', 'ताव मारा', 'अवश्य चाखा'. कोण शिजवते, मासळी कोणत्या बंदरावर उतरते, चूल किती वाजता पेटते, याबद्दल अवाक्षर नाही. काही चौकटी तर सरळ सांगतात की घरून डबा न्यावा. बेटावर तीन वस्त्या आहेत, शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर, आणि त्यांची स्वतःची ग्रामपंचायत आहे, हे माझ्या वहीतल्या बहुतेक कात्रणांना ठाऊक नाही. ग्रामपंचायत पर्यटकाकडून कर घेते त्याचा उल्लेख तेवढा येतो, तोही कुरकुरीच्या सुरात.

हा आळस आहे असे म्हणून मी थांबलो असतो. पण तीच ती पोकळी इतक्या लेखांत, इतक्या वेगवेगळ्या लेखकांकडून येते, तेव्हा तिचे कारण लेखकांच्या बाहेर शोधावे लागते. मला ते बोटीच्या वेळापत्रकात सापडले. गेटवेहून पहिली बोट सकाळी नऊच्या सुमारास सुटते आणि तासाभराने पोहोचते. परतीची शेवटची बोट संध्याकाळी साडेपाच-सहाच्या आसपास. पर्यटकाला बेटावर मुक्काम करता येत नाही. सोमवारी लेणी बंद. याचा अर्थ असा की पाहुण्याच्या दृष्टीने घारापुरीला रात्र नाही, आणि रात्र नाही म्हणून रात्रीचे जेवण नाही. जे काही विकायचे ते दुपारच्या चार-पाच तासांत, आणि तेही घाईतल्या, चढण चढून घामाघूम झालेल्या माणसाला. असा माणूस लिंबूसरबत मागतो, कणीस मागतो, फार तर पावभाजी किंवा थाळी मागतो. काटे काढत बसावी लागणारी मासळी तो मागत नाही. म्हणजे चौकटीतली यादी खोटी नाही; पर्यटकाला दिसते तेवढेच ती सांगते. पण 'बेटाचे खाणे' या नावाखाली ती जे छापते ते शेवटच्या बोटीचे खाणे असते.

विजेची गोष्टही याच रकान्यात वाचायला हवी. घारापुरीला समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. त्यापूर्वी जनित्रावर संध्याकाळचे काही तास दिवे लागत. मुंबईच्या झगमगाटासमोर बसलेल्या गावाला स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे वाट पाहावी लागली, ही बातमी तेव्हा सर्वत्र आली. पण फ्रीज नसलेल्या स्वयंपाकघराचे काय होते हे कुठल्याही चौकटीने लिहिले नाही. बर्फ मुंबईहून बोटीने यायचा, वितळण्याआधी वापरायचा. मासळी त्या दिवशीच संपवायची किंवा वाळवायची. हॉटेलात शाकाहारी थाळी जास्त दिसे त्याला ग्राहकाची आवड जितकी कारण, तितकेच हेही असावे असा माझा तर्क आहे.

ज्या बेटावर आज कोणा पाहुण्याला रात्रीचे जेवता येत नाही, त्या बेटावरचे इतिहासात नोंदलेले सर्वांत गाजलेले जेवण मात्र रात्रीचेच होते. नोव्हेंबर १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचे सातवे एडवर्ड, मुंबईत आले असता त्यांच्या सन्मानार्थ मुख्य लेण्यात मेजवानी झाली. दगडी खांबांमध्ये टेबले मांडली, दिव्यांची रोषणाई केली, आणि महेशमूर्तीच्या साक्षीने साहेबलोक जेवले. चारच वर्षांपूर्वी, १८७१ मध्ये, जेम्स बर्जेस यांचे घारापुरीच्या लेण्यांवरचे पुस्तक निघाले होते. शिल्पांचा बारीक तपशील देणारे ते पुस्तक आजही टाकाऊ झालेले नाही. म्हणजे लेणे हा अभ्यासाचा विषय झाला होता आणि त्याच वेळी ते भोजनगृहही होऊ शकत होते. या दोन्हींत गाव कुठे बसते? बर्जेसच्या मोजपट्टीलाही ते लागत नाही आणि राजपुत्राच्या टेबलावरही नाही. आपल्या चौकटीचा पूर्वज मला इथे दिसतो: बघणारा आणि जेवणारा दोघेही बाहेरून येतात, बेट फक्त जागा पुरवते.

(जाता जाता: पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून बेटाला नाव दिले तो हत्ती घारापुरीत नाही. १८६४ मध्ये तो उचलून विलायतेला नेण्याच्या खटपटीत मोडला. जोडलेला हत्ती आज भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. 'एलिफंटा'तला एलिफंट बघायचा असेल तर बोट नको, लोकल पुरते.)

मराठीत बेटावरच्या खाण्याविषयी गंभीरपणे लिहिलेच गेले नाही असे नाही. सावरकरांचे 'माझी जन्मठेप' १९२७ चे. अंदमानात काय खायला मिळते आणि दिवसभर काय करावे लागते, या दोन प्रश्नांची उत्तरे त्या पुस्तकात पानोपानी आहेत. कैद्याचे निकृष्ट अन्न आणि तेलाचा कोलू. तिथे अन्न ही चवीची बाब नाही, सत्तेची आहे. आज महाराष्ट्रातून अंदमानला जाणाऱ्या सहलींचे कार्यक्रमपत्र शेजारी ठेवून मी हे पुस्तक पुन्हा वाचले. सेल्युलर जेल पाहणे, ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम, आणि त्यानंतर 'घरच्यासारखे जेवण', बऱ्याचदा सोबत नेलेल्या आचाऱ्याच्या हातचे. यात टिंगल करण्याचा हेतू नाही. वयस्कर माणसांना पोटाला झेपणारे अन्न मिळावे यात वावगे काय? पण 'काय खाल' या प्रश्नाचे उत्तर 'जे कालच घरी खाल्ले ते' असे असेल, तर त्या प्रवासाचे वर्णनही घरी बसून लिहिता येते. आणि लिहिले जाते.

वरसईच्या विष्णुभट गोडशांचे 'माझा प्रवास' आठवा. १८५७ च्या धामधुमीतल्या त्या हकिकतीत कोणी जेवू घातले, कोणाच्या घरी पान वाढले, उपास कुठे पडला, हे सगळे आहे. बेटाचा संबंध नाही, पण प्रवासातले जेवण म्हणजे कोणाशी तरी जडलेले नाते, ही जाण त्या भिक्षुकाला पक्की आहे. आमच्या चौकटीत यजमान नावाचे पात्रच नाही.

बोटीच्या वेळेवर ताट ठरते हा माझा दावा दुसऱ्या बेटांवर लावून पाहिला. जंजिरा आणि सिंधुदुर्ग दोन्हीकडे होडीवाला तासाभराच्या आत परत बोलावतो. सिंधुदुर्गाच्या पोटात दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, आत काही कुटुंबे अजून राहतात. पण 'काय खाल' चे उत्तर किनाऱ्यावरच्या मालवणातले. उलट गोव्यात दिवाडी बेटावर फेरी रात्रीही चालते. तिथे संध्याकाळी जेवायला बसणारी खानावळ टिकू शकते, गिऱ्हाईक आणि गावकरी एकाच बाकावर येतात. चवीचा फरक नंतरचा; आधी फेरीचा.

आता माझ्या गावाविषयी, कारण हे सगळे मी जिथून पाहतो ती जागा लपवण्यात अर्थ नाही. मी गोवंडीत राहतो. जुन्या नकाशांत तुर्भे, ज्याला आज सगळे ट्रॉम्बे म्हणतात, हे मुंबईच्या पूर्वेचे स्वतंत्र बेट आहे. चेंबूर, देवनार, मानखुर्द, गोवंडी हा पट्टा त्याचाच. भराव पडत गेला, खाडी बुजली, आणि आम्ही बेटकरी आहोत हे आम्हीच विसरलो. १९२७ पासून देवनारची कचराभूमी, १९७१ पासून कत्तलखाना, डोंगरापलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्र. आमच्या बेटाची चौकट कोणी छापत नाही. छापली तर 'काय खाल' हा रकाना घारापुरीपेक्षा कितीतरी लांब निघेल: शिवाजीनगर-बैंगनवाडीतल्या रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या कबाबच्या शेगड्या, ट्रॉम्बे कोळीवाड्यातले बोंबील, मांदेली, जवळा. हवा स्वच्छ असली की ट्रॉम्बेच्या धक्क्यावरून दक्षिणेला घारापुरीचे दोन उंचवटे दिसतात. पण तिथे जायचे तर हार्बरने सीएसएमटी, तिथून गेटवे, आणि मग बोटीने उलट पुन्हा आपल्याच दिशेला. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू या दोन बेटांच्या मधून जातो, कुठेही न थांबता.

बोटीचा हा तास चौकटीत नेहमी 'आल्हाददायक' असतो. हिवाळ्यात सीगल पक्ष्यांना शेव-गाठी भरवाव्यात, असा सल्लाही मिळतो. पर्यटकांच्या खाण्याआधी पक्ष्यांच्या खाण्याची सोय. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि पंधरा जणांचे प्राण गेले. त्यानंतरच्या काही चौकटींत 'जीवरक्षक जाकीट घाला' ही ओळ आली. ते योग्यच झाले. पण बेटावरच्या टपऱ्यांचे पोट याच एका जलमार्गावर चालते, बोटी थांबल्या की त्यांची चूलही थांबते, ही दुसरी ओळ आली नाही. पावसाळ्यात समुद्र खवळला की हे दर वर्षी होते.

'काय कराल' मध्ये एक फोटो कायम असतो: नऊवारी नेसलेली, डोक्यावर हंडा-कळशी घेतलेली बाई. फोटोचे ती पैसे घेते आणि चौकट त्यावर नाक मुरडते: 'आता सगळे व्यावसायिक झाले आहे.' मला हे वाक्य मराठी पर्यटनलेखनातले सर्वांत अप्रामाणिक वाक्य वाटते. लेख लिहिण्याचे मानधन लेखक घेतो, बोटवाला भाडे घेतो, लेण्याचे तिकीट भारतीयाला चाळीस रुपये आहे. फक्त जिचे चित्र सगळ्यांना हवे तिने ते फुकट द्यावे.

मोराबंदरच्या वाटेवर टपरी चालवणाऱ्या एका मावशींना मी मागे विचारले होते, तुमच्याकडे चांगले काय मिळते? त्यांनी मॅगी, ऑम्लेट, थंडा अशी यादी सांगितली. मग विचारले, तुमच्या घरी आज काय? तेव्हा त्या खुलल्या. भरतीनंतर नवऱ्याने आणलेल्या चिंबोऱ्या, तांदळाच्या भाकऱ्या, वाटणाला भाजलेले खोबरे. "पन तां रातचा," त्या म्हणाल्या, "तुमची बोट तवर गेलेली आसंल."

शिवडीपासून घारापुरीपर्यंत रोपवेची योजना काही वर्षांपूर्वी जाहीर झाली होती. ती कधीकाळी झाली, आणि रात्रीचा पाळणा सुरू झाला, तर रात्रीचे जेवणही सुरू होईल. तेव्हा ताट कोण वाढणार, मावशी की गेटवेच्या बाजूचा कोणी बडा हॉटेलवाला, हे परवान्याच्या कागदांवर ठरेल. ते कागद वाचून 'काय खाल' हा रकाना लिहिणारा कोणी निघाला, तर ते कात्रण मला हवे आहे.