सामान्यनामांची कथा, विशेषनामांचा चित्रपट : ‘स्टारडस्ट’विषयीच्या मतभेदाची मीमांसा

मॅथ्यू व्हॉन यांनी दिग्दर्शित केलेला ‘स्टारडस्ट’ हा चित्रपट २००७ साली प्रदर्शित झाला. नील गेमन यांच्या, चार्ल्स व्हेस यांच्या चित्रांसह प्रथम प्रसिद्ध झालेल्या, त्याच नावाच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. वॉल नावाच्या खेड्यातील एक तरुण आपल्या प्रेयसीला आकाशातून निखळलेला तारा आणून देण्याचे वचन देतो. गावाजवळची भिंत ओलांडून तो जादूच्या प्रदेशात शिरतो, तेव्हा तो तारा म्हणजे एक जिवंत तरुणी असल्याचे त्यास कळते. तिच्या काळजासाठी चेटकिणी आणि तिच्याजवळील रत्नासाठी राजपुत्र तिच्या मागावर असतात. क्लेअर डेन्स, मिशेल फायफर, रॉबर्ट डी नीरो, पीटर ओटूल अशी नामवंत नटमंडळी या चित्रपटात एकत्र आली असून निवेदनाचा आवाज इयान मकेलन यांचा आहे.

एवढ्या सामग्रीनंतरही चित्रपटाचे स्वागत एकमुखाने झाले नाही. विज्ञानकथा व अद्भुतकथा यांच्या रसिकांच्या मतदानाने दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार त्यास २००८ साली मिळाला. उलट, सुमारे ७ कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने अमेरिकेत जेमतेम ३ कोटी ८० लाख डॉलर मिळविले. त्याच्या दुपटीहून अधिक उत्पन्न इतर देशांतून आले. प्रेक्षकांतही कोणी त्यास निर्मळ आनंद देणारी परीकथा म्हटले, तर कोणी अनेक धाग्यांचा गुंता म्हटले. विशेष हे की, डी नीरो यांची भूमिका काहींना चित्रपटाचे भूषण वाटली आणि काहींना तीच त्याचा कलंक वाटली.

असा मतभेद दिसला की ‘भिन्नरुचिर्हि लोकः’ म्हणून विषय संपविण्याची आपली रीत आहे. परंतु एकाच स्थळी दोन परस्परविरुद्ध मते एकवटत असतील, तर त्या स्थळाच्या रचनेतच काही कारण असले पाहिजे. ते कारण भाषेच्या अंगाने शोधता येते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

परीकथा ही सामान्यनामांची कथा होय. ‘एक राजा होता’ या वाक्यातील ‘एक’ हे संख्यावाचक नव्हे. कोणता राजा, हे विचारू नका, असे ते श्रोत्यास बजावते. रशियन अभ्यासक व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ साली अद्भुतकथांचे विश्लेषण करून ३१ कार्ये व ७ भूमिका निश्चित केल्या. पात्रांची नावे व लक्षणे बदलतात, कार्ये स्थिर राहतात, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा. याउलट प्रख्यात नटाचा चेहरा हे विशेषनाम असते. तो पडद्यावर येतो तो आपल्या आधीच्या भूमिकांचा अर्थ बरोबर घेऊनच.

गेमन यांनी ही गोष्ट जाणून नावे योजिली आहेत. राजपुत्रांची नावे प्रायमस, सेकंडस अशी सेप्टिमसपर्यंत लॅटिन क्रमवाचकेच आहेत. म्हणजे नाव असूनही ते ‘पहिला’, ‘दुसरा’, ‘सातवा’ एवढेच राहतात. मुख्य चेटकिणीचा उल्लेख कादंबरीत बहुधा ‘चेटकिणींची राणी’ असाच येतो. चित्रपटाने तिला लामिया हे ग्रीक पुराणातील नाव दिले आणि त्या नावास फायफर यांचा चेहरा दिला.

तथापि ही निवड सार्थ ठरली आहे. जादू वापरली की चेटकिणीचे तारुण्य ओसरते, ही कथेतील अट आहे. फायफर यांच्या सौंदर्याची कीर्ती प्रेक्षकाच्या मनात आधीच असल्यामुळे त्या चेहऱ्यावर उमटणारी प्रत्येक सुरकुती दुहेरी अर्थाने बोलते. इंग्रजीत ‘स्टार’ आणि मराठीत ‘तारका’ हे शब्द आकाशातील ज्योती व पडद्यावरील नटी या दोहोंस लागू पडतात. ओसरत्या तारुण्याची एक तारका दुसऱ्या तारकेचे काळीज मागते, ही कल्पना येथे शब्दशः खरी होते. विशेषनामाचा अर्थ येथे भूमिकेच्या कार्यात विरघळला आहे.

डी नीरो यांच्या बाबतीत तसे घडत नाही. मेघांतून विजा पकडणाऱ्या जहाजाचा त्यांचा कप्तान बाहेरून क्रूर, पण एकांतात स्त्रीवेषाची हौस बाळगणारा आहे. कादंबरीत जहाजाचा प्रसंग लहान आहे. चित्रपटाने तो वाढविला. ‘गॉडफादर’चा दुसरा भाग (१९७४) आणि ‘टॅक्सी ड्रायव्हर’ (१९७६) ज्याने पाहिले आहेत, त्यास या दृश्यातील विनोद पुरा कळतो. पण त्याचे हसू त्या कप्तानाविषयीचे नसते, डी नीरोंविषयीचे असते. कथेचा धागा तेवढ्यापुरता सुटतो. ज्यास हे सुटणे मौजेचे वाटते तो टाळी देतो, ज्यास कथेतच राहावयाचे असते तो खट्टू होतो. दोघांनी पाहिले ते एकच.

यावर असा आक्षेप येईल की, बालगंधर्वांच्या नाटकांना आलेला प्रेक्षक त्यांनाच पाहावयास येई. तरी सिंधू किंवा भामिनी त्यास खोटी वाटत नसे. आक्षेप योग्य आहे. पण तेथे पुरुषाने स्त्रीभूमिका करणे हा रंगभूमीचा मान्य संकेत होता आणि नट व पात्र यांतील अंतर मिटविण्याकडे सारी कला लागलेली होती. येथे तेच अंतर विनोदाचे भांडवल झाले आहे. दोष प्रसिद्ध चेहऱ्याचा नसून त्याच्या उपयोगाचा आहे.

हीच कसोटी शेवटासही लावता येते. कादंबरीत थकलेली चेटकीण तारकेला भेटते, तिचे काळीज आधीच दुसऱ्यास दिले गेले आहे असे तिला कळते, आणि ती निघून जाते. चित्रपटात मोठे युद्ध होऊन तारकेच्या तेजाने लामिया नष्ट होते. नाव आणि चेहरा लाभलेल्या खलनायिकेस नुसते निघून जाता येत नाही. तिच्या इतमामास साजेसा अंत द्यावा लागतो. परीकथेस मात्र पहिला शेवट अधिक शोभतो, कारण त्यात पराभव शस्त्राने न होता कथेच्या नियमाने होतो.

सारांश, ‘स्टारडस्ट’ हा फसलेला चित्रपट नव्हे; दोन व्याकरणांत बोलणारा चित्रपट आहे. त्याच्या प्रेक्षकांचा अभ्यास करावयाचा तर ‘आवडला का?’ हा प्रश्न फारसा उपयोगी नाही. गोष्ट सांगावयास लावावी आणि सांगणारा ‘मग तो कप्तान’ म्हणतो की ‘मग तो डी नीरो’, एवढे टिपून घ्यावे. त्याचे मत त्या एका नामातच सापडेल.