दहा टक्के, पण कशाचे?

पीएचडीला नोंदणी केली की पहिल्या काही महिन्यांतच एक वाक्य कानावर पडतं : 'दहा टक्क्यांच्या आत ठेव म्हणजे झालं.' सीनियर सांगतात, गाईड सांगतात, ग्रंथालयातले लोकही सांगतात. हा आकडा आला कुठून, हे मात्र फारसं कुणी वाचलेलं नसतं. तो आला यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांतून. शैक्षणिक प्रामाणिकपणा वाढावा आणि वाङ्मयचौर्य थांबावं म्हणून जुलै २०१८ मध्ये ते अधिसूचित झाले. आपल्या प्रबंधावर थेट लागू होणारा हा कायद्याचा मजकूर आहे. तो जेमतेम काही पानांचा आहे, एका संध्याकाळी वाचून होतो. नोंदणीच्या आधी वाचाच.

मला त्यातली व्याख्या पटते. दुसऱ्याचं काम किंवा कल्पना घेऊन ती स्वतःची म्हणून खपवणं म्हणजे वाङ्मयचौर्य. 'कल्पना' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, कारण संशोधनात खरी चोरी बहुतेक वेळा तिचीच होते. पण पुढे शिक्षेचा भाग आला की ही व्याख्या बाजूला पडते आणि तिच्या जागी येते मजकुराच्या साम्याची टक्केवारी. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या मुदतीत सुधारित प्रबंध द्यायचा. ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० च्या वर गेलं की नोंदणीच रद्द.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे लगेच खटकायला हवं. मोजायचं आहे एक आणि मोजतोय भलतंच! प्रयोगशाळेत असं केलं तर गाईड विचारतील, 'या आकड्याचा त्या गोष्टीशी संबंध आहे हे कशावरून?' विनियमांत या प्रश्नाला उत्तर नाही. साम्य म्हणजेच चौर्य असं गृहीत धरून पातळ्या आखल्या आहेत.

साधा हिशेब करून बघू. समजा प्रबंध ६०,००० शब्दांचा आहे. त्याचे दहा टक्के म्हणजे ६,००० शब्द, म्हणजे एक अख्खं प्रकरण. ते कुणी जसंच्या तसं उचललं आणि बाकी सगळं स्वतः लिहिलं, तर तक्त्याप्रमाणे तो शून्य पातळीवर, शिक्षा काही नाही. उलट दुसरी एखादी विद्यार्थिनी, जिच्या पद्धतींच्या प्रकरणात 'नमुने चार अंश सेल्सिअसला दहा मिनिटं सेंट्रिफ्यूज केले' या छापाची वाक्यं आहेत, तिचा आकडा १३ येऊ शकतो. ही वाक्यं दुसऱ्या कशा शब्दांत लिहायची? लिहिली तर उलट प्रयोग परत करणाऱ्याची पंचाईत.

बरं, विनियम लिहिणाऱ्यांना हे अजिबात कळलं नव्हतं असंही नाही. योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, प्रमाणित चिन्हं, समीकरणं, कायदे हे सगळं तपासणीतून वगळायला सांगितलं आहे. सर्वज्ञात किंवा योगायोगाने जुळणारे सलग १४ शब्दही सोडले आहेत. त्याच ठिकाणी एक टीप आहे : सारांश, गृहीतक, निरीक्षणं, निष्कर्ष यांत साम्य असूच नये. ही टीप योग्य आहे. पण शिक्षेच्या तक्त्यात तिच्यासाठी वेगळी ओळ नाही. निष्कर्षातलं साम्य आणि प्रस्तावनेतलं साम्य एकाच बेरजेत जातं. म्हणजे एकीकडे 'साम्य नको' आणि दुसरीकडे 'दहापर्यंत चालेल'.

या आकड्याने संशोधकांना नक्की काय शिकवलं? आकडा कमी करायला. वाक्य फिरवा, समानार्थी शब्द घाला, सॉफ्टवेअरकडून पुन्हा लिहून घ्या. कल्पना दुसऱ्याचीच, श्रेय नाही, तरी रिपोर्ट स्वच्छ. मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांच्या बाबतीत तर हे आणखी उघड आहे. इंग्रजी लेखाचा सरळ अनुवाद करून मांडला, तर शब्द जुळवणाऱ्या तपासणीला त्यात जुळण्यासारखं काही सापडत नाही. टर्निटिन ही कंपनी स्वतःच सांगते की साम्याचा आकडा म्हणजे चौर्याचा निकाल नव्हे, तो माणसाने वाचून ठरवायचा. आपण मात्र रिपोर्टचं पहिलं पान प्रबंधाला जोडतो आणि मोकळे होतो.

विनियमांची एक बाजू मात्र चांगली आहे आणि तिच्याकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. आरोप झाला तर विभागाची समिती नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वानुसार चौकशी करते. त्या समितीत विभागप्रमुख असतात, विभागाबाहेरचे एक ज्येष्ठ प्राध्यापक असतात आणि ही सॉफ्टवेअरं जाणणारी एक व्यक्ती असते. तिने ४५ दिवसांत संस्थेच्या समितीकडे शिफारस करायची. गैरवर्तन निःसंशय सिद्ध झाल्यावर, अपिलाचे मार्ग संपल्यावर आणि बाजू मांडायची पुरेशी संधी दिल्यावरच शिक्षा. हे कागदावर आहे. त्यामुळे नुसता आकडा दाखवून 'तुझ्यावर कारवाई होईल' असं कुणी म्हणालं, तर ती विनियमांची भाषा नाही. अर्थात, गाईडसमोर हे म्हणायला किती जणांची हिंमत होते, हा प्रश्न वेगळा.

तेव्हा तपासणी झाली की टक्केवारीवर थांबू नका, पूर्ण रिपोर्ट मागा. अवतरणं आणि संदर्भसूची वगळली होती का, १४ शब्दांची मर्यादा लावली होती का, हे बघा. या सेटिंग बदलल्या की त्याच प्रबंधाचा आकडा बराच हलतो. मग रंगवलेली एकेक ओळ वाचा. पद्धतींमधलं ठरीव वाक्य असेल तर मूळ प्रोटोकॉलचा संदर्भ देऊन तसंच ठेवा. चर्चेच्या प्रकरणात एखादा परिच्छेद रंगलेला दिसला, तर एकूण आकडा चार टक्के असला तरी तो परत लिहायला घ्या.