जुन्या विमान-एंजिनांची विश्वसनीयता : एक आक्षेप

ता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं ‘पस मॉथ’ विमानानें कराचीहून मुंबईस टपाल आणिलें. १९८२ सालीं ‘लेपर्ड मॉथ’मधून त्यांनीं तोच प्रवास पुन्हां केला. यावरून जुनीं एंजिनें मूळचींच अभंग होतीं, असें अनुमान कित्येक करितात. आमच्या मतें हा हेत्वाभास होय. पहिल्या विमानांत ‘जिप्सी थ्री’, दुसऱ्यांत ‘जिप्सी मेजर’. म्हणजे एंजिनच एक नव्हे. शिवाय पिस्टन, झडपा झिजल्या कीं बदलाव्या लागतात. मूळचें किती उरलें, हें दुरुस्तीच्या नोंदवहीवरूनच ठरतें. नोंदवहीवांचून एंजिन म्हणजे पुष्पिकेवांचून पोथी. उड्डाणानें सिद्ध होते ती कारागिराची निगा. तरी संग्राहकांनीं एंजिनाइतकीच ती वहीहि जपावी.