कंबरभर हिमातली वाट

'फ्रॉस्टपंक' या खेळातल्या बर्फापाशी आपण जरा रेंगाळू. साल १८८६, पृथ्वी गोठलेली, लंडन सोडून उत्तरेला आलेली ८० माणसे आणि खोल विवराच्या मधोमध उभे एक अजस्र, थंडगार जनित्र. कोळशाच्या ढिगाकडे माणसे धाडावीत, तर ती कंबरभर हिम रेटत निघतात आणि त्यांच्यामागे एक चर उमटत जातो. हुकूम सोडायला आपल्याला एक टिचकी पुरली; तो पाळताना कुणाचे किती श्रम झाले, हे त्या चरातून दिसते. आकडा आणि माणूस एकाच रेषेत दाखवण्याची ही नजाकत वॉर्साच्या 'इलेव्हन बिट स्टुडिओज'ने २०१८ साली साधली.

मग जनित्र धडधडू लागते आणि त्याभोवती वर्तुळावर वर्तुळ रचत नगर वाढते. ऊब मध्यातून बाहेर पसरत असल्यामुळे कुणाचे घर आत आणि कुणाचे काठावर, हा साधा आखणीचा प्रश्नच न्यायाचा होऊन बसतो. लाकूड, पोलाद यांची जुळवाजुळव अशा साऱ्याच खेळांत असते. इथली खरी चव मात्र, शब्दशः, मुदपाकखान्यात आहे. १० माप कच्च्या अन्नातून २० जणांची जेवणे निघतात. सूपचा कायदा केला, की तेवढ्यातच २५ भागतात. किती निरुपद्रवी वाटते हे गणित! पण पडद्याच्या तळाशी आशा आणि असंतोष अशा दोन पट्ट्या आहेत, आणि पातळ सूप पानात पडताच दुसरी फुगू लागते. सूपऐवजी लाकडाचा भुसा अन्नात मिसळण्याचा कायदाही निवडता येतो, आणि हात कमी पडले की मुले कामाला जुंपली जातात. आणि प्रत्येक वेळी त्या क्षणीची निकड इतकी खरी असते, की आपल्यातला सज्जन माणूसही निमूट मान डोलावतो.

शेवटचे महावादळ सरल्यावर नगराची सारी वाढ झरझर पुन्हा दाखवली जाते, अधूनमधून आपणच केलेले कायदे उमटतात. वेळोवेळी सुटे सुटे केलेले ते निर्णय तिथे प्रथमच एका ओळीत उभे राहतात, आणि रसिकाने थांबून पाहावे ते इथे. आपण मर्यादा ओलांडली असेल, तर त्यानंतर खेळ विचारतो, हे सारे मोलाचे होते का? मला तो प्रश्न थोडा जास्तीचाच वाटतो. कायद्यांच्या त्या यादीने तो आधीच विचारलेला असतो, आणि कितीतरी अधिक अदबीने.