वाडी ओस पडते तेव्हा

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ 1955 सालची. माणदेशातली धनगरांची वाडी, तिथं आलेला पोरसवदा मास्तर अन् त्याच्या नादानं वाडीनं अंगमेहनतीनं उभी केलेली तालीम. ती बघायला खुद्द राजेसाहेब येतात. आमच्याकडच्या कीर्तनात गोष्ट इथंच संपली असती : चांगलं केलं, देवानं पदरात घातलं. माडगूळकर मात्र पुढं जातात. पाऊसच येत नाही. मेंढरं मरतात, माणसं बिऱ्हाड पाठीवर टाकून चालती होतात. तालीम तशीच उभी.

बऱ्याच जणांना हा शेवट निराशेचा वाटतो. मला नाही वाटत. हा दुष्काळ कुणाच्या पापाचं फळ आहे, असं लेखक कुठंच म्हणत नाही, हा केवढा दिलासा! ज्यानं पेरलेलं जळताना बघितलंय त्याला विचारा. आमची म्हातारी माणसं करपल्या रानाच्या पाया पडून दुसऱ्या साली पुन्हा औत जुंपायची. ती श्रद्धा काय चीज होती, ते मला हे पुस्तक वाचताना उमगलं.

मास्तरच्या दुःखानं मात्र मी तितका हलत नाही. तो नोकरदार, त्याला परत जायला गाव होतं. कारभाऱ्याला कुठं होतं?