निवेदन आणि करार : गूगलमधील प्रतिकाराची भाषा

संगणक-उद्योगातील नोकरदारांच्या सामूहिक सामर्थ्याची चर्चा करताना 2018 या वर्षाचा उल्लेख गौरवाने केला जातो. त्या वर्षी गूगलच्या तीन हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी, लष्करी ड्रोनच्या चित्रफितींचे विश्लेषण करणाऱ्या ‘प्रोजेक्ट मेव्हन’मधून कंपनीने बाहेर पडावे, असे पत्र मुख्याधिकाऱ्यांना लिहिले. जूनमध्ये कंपनीने ते कंत्राट पुढे न वाढवण्याचे ठरवले आणि कृत्रिम बुद्धिमत्ता शस्त्रांसाठी न वापरण्याचे तत्त्व जाहीर केले. हा विजय होता, यात शंका नाही. त्याचे स्वरूप कोणते, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही.

त्याचे उत्तर पत्राच्या लेखनप्रकारातच आहे. ते निवेदन आहे. संघटनेचे मागणीपत्र नव्हे. त्यातील ‘आम्ही’ कंपनीला तिच्याच मूल्यांची आणि लौकिकाची आठवण करून देतो. घरातल्या कर्त्या मुलाने वडिलांपुढे गाऱ्हाणे मांडावे, तशी ही भूमिका. निवेदनाला मिळते ते आश्वासन, आणि आश्वासन देणाऱ्याला ते मागेही घेता येते. फेब्रुवारी 2025 मध्ये शस्त्रांविषयीचे ते वचन तत्त्वांतून वगळले गेले. त्यासाठी कर्मचाऱ्यांशी वाटाघाट करण्याचे कोणतेही बंधन कंपनीवर नव्हते.

लैंगिक छळाच्या प्रकरणांवरून 1 नोव्हेंबर 2018 रोजी सुमारे 20,000 जण जगभरच्या कार्यालयांतून बाहेर पडले, तेव्हाची भाषा अधिक कणखर होती. सक्तीचा लवाद पुढे रद्द झाला. संचालक मंडळावर कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी घेण्याची मागणी मान्य झाली नाही.

मराठी वाचकाला येथे मुंबईचा 1982 चा गिरणी संप आठवेल. पगाराइतकाच तेथे वाटाघाटीचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न होता. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. गिरणी कामगार हरला, पण कोणत्या अधिकारासाठी भांडायचे हे त्याला ठाऊक होते. अभियंत्याला आपल्या कौशल्याची दुर्मीळता पुरेशी वाटली. जानेवारी 2023 मध्ये 12,000 जणांची कपात जाहीर झाली. एप्रिल 2024 मध्ये इस्रायल सरकारसाठीच्या ‘निंबस’ कंत्राटाविरुद्धच्या आंदोलनानंतर सुमारे 50 जणांना काढण्यात आले.

वाटाघाटीचा अधिकार थेट मागितला तो कमी पगाराच्या लोकांनी. ऑस्टिन येथे यूट्यूब म्युझिकचे काम करणाऱ्या, कॉग्निझंटच्या नोकरीतील कामगारांनी 2023 मध्ये मतदानाने युनियन स्वीकारली. आपण त्यांचे मालकच नाही, अशी भूमिका गूगलने घेतली.