१८१२ चे अमेरिका-ब्रिटन युद्ध : कारणमीमांसेची चिकित्सा

१८१२ चे अमेरिका-ब्रिटन युद्ध 'दुसरे स्वातंत्र्ययुद्ध' म्हणून गौरविले जाते. अमेरिकन खलाशांची ब्रिटिश आरमारातील सक्तीची भरती व तटस्थ व्यापारावरील निर्बंध ही त्याची प्रमुख कारणे सांगितली जातात. मात्र ही कारणमीमांसा अपुरी आहे. सागरी व्यापारावर जगणाऱ्या न्यू इंग्लंडमध्येच युद्धाला तीव्र विरोध झाला. प्रतिनिधिगृहात ७९ विरुद्ध ४९ मतांनी संमत झालेल्या युद्धप्रस्तावामागे केंटकीचे हेन्री क्ले, दक्षिण कॅरोलायनाचे जॉन कॅल्हून यांचा आग्रह होता. पश्चिम सीमेवरील मूलनिवासींच्या भूमीचा प्रश्न त्यात गुंतलेला होता.

युद्धाचा घटनाक्रमही हेच सुचवितो. कॅनडावरील स्वाऱ्या फसल्या. ऑगस्ट १८१४ मध्ये ब्रिटिशांनी वॉशिंग्टन जाळले. २४ डिसेंबर १८१४ च्या घेंट तहाने युद्धपूर्व सीमा कायम राखल्या. सक्तीच्या भरतीचा त्यात उल्लेखही नाही. न्यू ऑर्लिन्सचा गाजलेला विजय तहावर स्वाक्षऱ्या झाल्यानंतरचा, ८ जानेवारी १८१५ चा आहे. याउलट, १८१३ मध्ये टेकुमसेह धारातीर्थी पडताच त्याचा मूलनिवासी संघ मोडला आणि त्यांचे पूर्वीचे हक्क परत देण्याचे तहातील नववे कलम कागदावरच राहिले.

सारांश, दोन राष्ट्रांच्या दृष्टीने अनिर्णित ठरलेल्या या युद्धात खरा पराभव तिसऱ्याच पक्षाचा झाला. त्याची नोंद न घेणारी मीमांसा एकांगी ठरते.